४२९४९६७२९७ ला ६४१ नं भाग जातो, पण मुळात ६४१ च का?

४२९४९६७२९७. वाचायचं झालं तर ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. दिसायला कुठलाही दहा आकडी नंबर असतो तसाच आहे, पण तो बनतो कसा ते बघा. २ घ्या आणि दुप्पट करत जा, २, ४, ८, १६ असं करत करत ३२ व्या घाताला पोचलात की ४२९४९६७२९६ येतो, त्यात फक्त १ मिळवा, झालं. म्हणजे हा नंबर २^३२ + १ आहे (घात यापुढे असेच लिहितो, २^३२ म्हणजे ३२ वेळा २ मांडून केलेला गुणाकार).

आता प्रश्न असा की ही मूळ संख्या आहे का? म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून हिला कशानंही पूर्ण भाग जात नाही, असं आहे का? शाळेतल्या कसोट्या लावून बघू. शेवटी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ५९ येते, म्हणजे ३ चा भाग जात नाही. ७ नं भागलं तर बाकी ५, ११ नं भागलं तरी बाकी ५, १३ नं भागलं तर बाकी १०. असं थोडा वेळ करत राहिलं की माणसाला वाटायला लागतं की असेल बाबा मूळ संख्या, आणि असं वाटून घेणाऱ्यांत पिएर द फर्मासारखा माणूस होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

फर्मा फ्रान्समधल्या तुलूझ शहरात कायद्याचं काम करायचा आणि गणित करायचा हौसेनं, पण हौस म्हणजे काय, संख्यांच्या गुणधर्मांचा आजचा विषय बराचसा त्याच्यापासून सुरू होतो. १६४० च्या सुमारास त्यानं २ च्या घातात १ मिळवून येणाऱ्या संख्या बघितल्या. यातल्या बऱ्याचशा लगेच बाद होतात, कारण घातांकाला एखाद्या विषम संख्येनं भाग जात असेल (१ सोडून) तर अख्खी संख्या फुटते. उदाहरणार्थ २^६ + १ म्हणजे ६५, तिला २^२ + १ म्हणजे ५ नं भाग जातो, २^१२ + १ म्हणजे ४०९७, तिला १७ नं भाग जातो, आणि हे कायम होतं. मग उरतात फक्त ते घातांक ज्यांच्यात विषम काहीच नाही, म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ वगैरे. त्यांच्यापासून येणाऱ्या संख्या अशा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. या पाचही मूळ आहेत, आणि सहावी म्हणजे आपली ४२९४९६७२९७. (मोजणी शून्यापासून करतात म्हणून हिला पाचवी फर्मा संख्या म्हणतात.) फर्मानं पत्रांमधून लिहिलं की या सगळ्याच मूळ असणार असा माझा विश्वास आहे, सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती.

पुढे १७२९ च्या डिसेंबरमध्ये गोल्डबाख या गणितीनं पत्रातून हा प्रश्न तरुण गणिती लिओनहार्ड ऑयलरच्या कानावर घातला, आणि १७३२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ऑयलरनं दाखवून दिलं की ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. म्हणजे ९२ वर्षांनी फर्माचा अंदाज चुकीचा निघाला.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच थांबते आणि वाचणाऱ्याला वाटतं की ऑयलर भागाकार करत बसला असणार आणि नशिबानं ६४१ वर लागला असणार. तसं अजिबात नाहीये. ६४१ पर्यंत पोचायचा रस्ता त्या नंबरच्या घडणीतच आहे, आणि तो रस्ता साध्या बाकीच्या हिशोबानं कुणालाही कळू शकतो, म्हणून हा लेख.

आधी रस्ता माहीत नसता तर किती काम होतं ते बघू. एखादी संख्या मूळ आहे का हे आंधळेपणानं तपासायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. आपल्या नंबरचं वर्गमूळ ६५५३६ पेक्षा अगदी किंचित जास्त, आणि ६५५३६ पर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. क्रमानं गेलं तर ६४१ हा ११६ व्या नंबरला येतो, म्हणजे हातानं करणाऱ्याला ११६ मोठे भागाकार, आणि ते करताना पुढे काही सापडणारे की नाही याचा पत्ता नाही.

आता ऑयलरचा विचार. त्यासाठी एकच गोष्ट समजून घ्यायची, ती म्हणजे बाक्यांचं चक्र. एखादी विषम मूळ संख्या घ्या, समजा ७. २ चे घात ७ नं भागत जा आणि फक्त बाकी लिहा: २, ४, १, २, ४, १, २, ४, १... दर तीन पावलांनी १ येतो आणि तेच तेच फिरत राहतं. इथे चक्राची लांबी ३. आणि ७ वजा १ म्हणजे ६, त्याला ३ नं भाग जातो. हा योगायोग नाही, मूळ संख्या कुठलीही घ्या, चक्राच्या लांबीनं त्या संख्येपेक्षा एक कमी असलेल्या आकड्याला भाग जातोच. हा निकाल खुद्द फर्माचा, आणि तोही १६४० चाच! ज्या हत्यारानं त्याचा अंदाज खोटा ठरला ते हत्यार त्याच वर्षी त्याच्याच हातात होतं, हे वाचून मला आजही चुटपुट लागते.

आता समजा एखादी मूळ संख्या, तिला प म्हणू, आपल्या २^३२ + १ ला पूर्ण भागते. मग २^३२ ला प नं भागल्यावर बाकी काय येणार? त्यात १ मिळवला की बाकी शून्य व्हायला हवी, म्हणजे बाकी प पेक्षा १ नं कमी, थोडक्यात −१ धरा (बाक्यांच्या हिशोबात असं धरलेलं चालतं आणि सोपं पडतं). ३२ व्या पावलाला −१, तर ६४ व्या पावलाला −१ चा वर्ग म्हणजे १. म्हणजे ६४ पावलांत चक्र पूर्ण होतं. याहून छोटं चक्र असू शकेल का? ६४ चे छोटे विभाजक म्हणजे ३२, १६, ८ वगैरे, त्यातलं कुठलंही असतं तर ३२ व्या पावलालाच १ आला असता, पण तिथे −१ आहे. म्हणून चक्र बरोब्बर ६४ चं. आणि चक्राची लांबी प−१ ला भागते, म्हणून प ही ६४ च्या कुठल्यातरी पटीपेक्षा १ नं मोठी असलीच पाहिजे.

एवढ्यावरच सगळं काम किती खाली आलं बघा. ६४ च्या पटीत १ मिळवत जा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ कुठल्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच! ११६ भागाकारांऐवजी पाच, आणि पाचव्यालाच भाग जातो.

याच्याही पुढे जाता येतं. १८७८ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युकानं दाखवलं की ६४ ऐवजी १२८ ची पट घेतली तरी चालते. कारण असं की प ही ६४ च्या पटीपेक्षा १ नं मोठी म्हणजे ८ च्या पटीपेक्षाही १ नं मोठी, आणि अशा मूळ संख्यांच्या बाबतीत एक अशी संख्या नक्की सापडते जिच्या वर्गाची बाकी २ येते, मग तिचं चक्र २ च्या चक्राच्या दुप्पट म्हणजे १२८ चं होतं. आता यादी: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यात मूळ फक्त २५७ आणि ६४१. आणि २५७ तर स्वतःच फर्मा संख्या आहे, ती बाद होते, कशी ते पुढे येतंच. म्हणजे खरं बघायला गेलं तर ६४१ हा पहिलाच खरा उमेदवार.

भाग जातो हे तपासायला कॅल्क्युलेटरही नको, कागद पुरे. २^८ म्हणजे २५६. याचा वर्ग ६५५३६, हा २^१६ झाला. ६४१ × १०२ = ६५३८२, म्हणजे बाकी १५४. आता मोठा आकडा विसरून जायचा, फक्त १५४ घ्यायचा, त्याचा वर्ग २३७१६. ६४१ × ३६ = २३०७६, बाकी ६४०. म्हणजे २^३२ ची बाकी ६४०, त्यात आपल्या नंबरमधला तो १ मिळवला की ६४१, भाग पूर्ण गेला. दहा आकडी भागाकार न करता तीन ओळींत काम होतं.

अजून एक रीत आहे, तिच्यात तर भागाकारही नाही. ६४१ दोन तऱ्हेनं लिहा: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६. पहिलीचा अर्थ ५ × २^७ ची बाकी −१. दोन्हीकडे चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसरीचा अर्थ ५^४ च्या जागी −१६ म्हणजे −२^४ ठेवलं तरी चालतं. ठेवलं की −२^३२ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी −१, आणि एक मिळवला की शून्य. मला गणितातल्या सगळ्या छोट्या सिद्धतांमध्ये ही सगळ्यात जास्त आवडते, कारण ६४१ मध्ये ५ आणि २ कसे बसलेत एवढंच बघून चार अब्जांच्या वरच्या आकड्याबद्दल पक्कं विधान करता येतं.

बरं, उरलेला अवयव ६७००४१७, तो मूळ आहे का? त्यालाही तोच नियम लागू, कारण त्याला भागणारी मूळ संख्या आपल्या नंबरलाही भागणार. त्याचं वर्गमूळ साधारण २५८८, तिथपर्यंत १२८ च्या पटीपेक्षा १ नं मोठ्या मूळ संख्या आहेत फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. यांनी भागल्यावर बाक्या येतात १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. शून्य एकही नाही, म्हणून ६७००४१७ मूळ, विषय संपला. म्हणजे आपल्या नंबरचे विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि तो स्वतः.

आता २५७ बाद का ते. ३ × ५ = १५, त्यात २ मिळवा, १७. १५ × १७ = २५५, २ मिळवा, २५७. २५५ × २५७ = ६५५३५, २ मिळवा, ६५५३७. ६५५३५ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, २ मिळवा आणि आला आपला नंबर. आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार अधिक २ म्हणजे पुढची फर्मा संख्या, हे कायम चालतं. मग २५७ नं आपल्या नंबरला भाग गेला असता तर उरलेल्या २ लाही जायला हवा, ते शक्य नाही. म्हणून कुठल्याही दोन फर्मा संख्यांमध्ये १ सोडून सामाईक विभाजक नसतो. यातून आयतीच आणखी एक गोष्ट मिळते. फर्मा संख्या अनंत आहेत, प्रत्येकीचा एक तरी मूळ अवयव हवा आणि तो दुसरीचा असू शकत नाही, म्हणजे मूळ संख्याही अनंतच!

या ओळीत जो ४२९४९६७२९५ आला तो म्हणजे आपल्या नंबरच्या दोन घरं अलीकडचा शेजारी, आणि कॉम्प्युटरवाल्यांना तो चांगलाच ओळखीचा, कारण ३२ बिटांत (एक बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) मावणारा सगळ्यात मोठा पूर्णांक तोच. मधला ४२९४९६७२९६ म्हणजे ३२ बिटांच्या एकूण वेगवेगळ्या मांडण्या, जुन्या पद्धतीचे आयपी अ‍ॅड्रेसही तेवढेच. आपला नंबर बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिला तर १, मग ३१ शून्यं, मग १, म्हणजे उलटसुलट सारखाच, आणि लागतात ३३ बिट, म्हणून तो ३२ बिटांच्या बाहेर पडतो.

हेच तीन शेजारी भूमितीत घ्या. १७९६ मध्ये जर्मन गणिती गाउसनं शोधलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या कंपास आणि पट्टीनं काढता येतो, पुढे पूर्ण नियम असा निघाला की बाजूंची संख्या २ चा घात असावी, किंवा वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावा, किंवा या दोन्हींचा मिळून गुणाकार (यापलीकडे काढता येतच नाही हे १८३७ मध्ये वांत्झेलनं सिद्ध केलं). मग ४२९४९६७२९६ बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो, ४२९४९६७२९५ बाजूंचाही येतो, किंबहुना विषम बाजूंच्या बहुभुजांपैकी काढता येईल असा माहीत असलेला सगळ्यात मोठा तोच. आणि आपल्या ४२९४९६७२९७ बाजूंचा मात्र येत नाही, कारण ६४१ ही फर्मा संख्या नाही.

हा नंबर फोडायची एक वेगळी वाटही आहे, तीही बघण्यासारखी. तो ६५५३६² + १² आहे हे उघडच दिसतं, पण तो ६२२६४² + २०४४९² पण आहे (करून बघा, ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१). मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून जास्तीत जास्त एकाच प्रकारे लिहिता येते, त्यामुळे दोन प्रकार सापडले म्हणजे ती मूळ नाही हे तिथेच ठरलं. पण अवयवही यातून निघतात. मोठे वर्ग एकीकडे, छोटे दुसरीकडे नेले की वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लागतं: ३२७२ × १२७८०० = २०४४८ × २०४५०. ३२७२ आणि २०४४८ चा मसावि ८, १२७८०० आणि २०४५० चा मसावि ५०. दोन्ही निम्मे करा, ४ आणि २५, आणि ४² + २५² = ६४१. शिवाय ३२७२ ला ८ नं भागून ४०९, २०४४८ ला भागून २५५६, आणि ४०९² + २५५६² = ६७००४१७. शाळेत शिकलेला मसावि इथे असा कामाला येतो.

आता एक जरा फसवी गोष्ट. एखादी संख्या मूळ आहे का याची झटपट चाचणी म्हणून फर्माचाच निकाल वापरतात: संख्या न असेल तर २^(न−१) ची न नं भागून बाकी १ यायला हवी. आपला नंबर ही चाचणी पास होतो! कारण न−१ म्हणजे २^३२, त्याला ६४ नं भाग जातो, आणि ६४ पावलांचं चक्र तर आपण वर बघितलंच, म्हणून बाकी १ येणारच. चाचणी २ वरून केली तर सगळ्याच फर्मा संख्या पास होतात, मूळ असोत नसोत. तेच ३ घेऊन केलं तर बाकी येते ३०२९०२६१६० आणि पितळ उघडं पडतं. १८७७ मध्ये फ्रेंच गणिती पेपँनं यातूनच नेमकी कसोटी काढली: ३ पासून सुरू करा, वर्ग करा, बाकी घ्या, पुन्हा वर्ग करा, असं आपल्या नंबरसाठी ३१ वेळा. शेवटी −१ आली तर मूळ, नाही आली तर नाही. इथे येते १०३२४३०३, म्हणजे मूळ नाही. यात ६४१ चा कुठे उल्लेखही नाही, म्हणजे संख्या फुटते हे कळणं आणि ती कशी फुटते हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठ्या फर्मा संख्यांत हा फरक चांगलाच जाणवतो. सहावीचे, म्हणजे २^६४ + १ चे, अवयव १८८० मध्ये लँड्रीनं शोधले, २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. नियम इथेही तोच, २७४१७७ म्हणजे २५६ × १०७१ + १. विसाव्या आणि चोविसाव्या फर्मा संख्येबद्दल पक्कं ठरलंय की त्या मूळ नाहीत, पण त्यांचा एकही अवयव अजून सापडलेला नाही, आणि चोविसावीत ५० लाखांच्या वर आकडे आहेत. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंत सगळ्या फुटतात एवढं माहीत आहे, ६५५३७ नंतर नवी मूळ फर्मा संख्या एकही मिळालेली नाही.

तेहतिसावीचं मात्र अजून काहीच ठरलेलं नाही. तिच्यात २५८५८२७९७३ आकडे आहेत, आणि पेपँची कसोटी लावायची तर इतक्या मोठ्या संख्येचे वर्ग ८५८९९३४५९१ वेळा करावे लागतील, म्हणून सध्या शोध चालतो तो ल्युकाच्या नियमानं: २^३५ च्या, म्हणजे ३४३५९७३८३६८ च्या, पटीत १ मिळवायचा आणि येणाऱ्या एकेका मूळ संख्येनं भाग जातो का बघायचं.